बाण बाऊचा

गान्त्सी,
४ मे

कोबाताईंना नमस्कार.

तुम्ही मला पाहिलेलं नाही. मी गाओची मुलगी, बाऊ. तुमच्या नुआमा वस्तीतून सव्वीस वर्षांपूर्वी सरहद्दीच्या कुंपणापलीकडे गेला आणि परत आला नाही, तो गाओ. आमच्या दुकानात मीठ उतरवणारा ड्रायव्हर तुमच्या बाजूचा निघाला. नुआमात शाळा आहे आणि तिथल्या शिक्षिका, म्हणजे तुम्ही, कोम्त्साच्या बायको आहात, हे त्याच्याकडून कळलं, म्हणून हे पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे.

बाबा मार्चमध्ये गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी पत्र्याच्या पेटीतून शेळीच्या कातड्यात गुंडाळलेला एक बाण काढायला लावला. म्हणाले, "हा कोम्त्साचा. मी त्याच्याकडून घेऊन शिकारीला गेलो होतो. याच बाणाने इलँड पडला, बैलाएवढं हरीण. मांस कोम्त्साचं होतं, आणि त्याच्या तोंडी घाससुद्धा गेला नाही. त्याचं त्याला देऊन ये." मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तुमच्याकडची रीत त्यांनी मला लहानपणी सांगितली होती. बाण ज्याचा, मांस त्याचं. मारणारा कुणी का असेना, वाटणी बाणाच्या मालकाने करायची. मी मांसाच्या दुकानात कामाला आहे. रोज चार बैल सोलून त्यांचं मांस सोडवते. दुकानातलं मांस मालकाला न विचारता घरी नेणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. ताई, माझा बाप चोर होता का? मला एवढंच कळायला हवं आहे. आई त्स्वाना जमातीची, ती या सगळ्यात पडत नाही. बाबांची भाषा मला येते, पण बाबांची माणसं कोण, ते मला माहीत नाही.

जूनमध्ये मला चार आठवड्यांची रजा आहे. बाण घेऊन येऊ का? हाकलायचंच असेल तर पत्रातूनच हाकला, एवढा लांबचा प्रवास तरी वाचेल.

बाऊ


इस्पितळ,
२१ मे

माझ्या लाडक्या आईला तिच्या थोराड लेकीचा साष्टांग नमस्कार.

दचकू नकोस. तुझं नाव बाऊ, माझ्या आईचंही नाव बाऊ, म्हणजे तू माझी आई झालीस. गाओने एवढंही शिकवलं नाही का तुला? मी सत्तेचाळीस वर्षांची, तू असशील चोवीस-पंचवीसची. असू दे. आईला वय विचारू नये. मला पुन्हा "ताई" म्हणालीस तर मी रुसेन. मला कोबा म्हणायचं, लेकी म्हणायचं आणि येताना चहा, साखर, तंबाखू आणायची. आईचं तेवढं कामच असतं.

तुझं पत्र शाळेतून फिरत फिरत इथे शहरात आलं. माझ्या छातीत खोकल्याने बिऱ्हाड थाटलं आहे. डॉक्टर म्हणतात दोन महिने इथेच राहून गोळ्या गिळा. शेजारच्या खाटेवर हेरेरो जमातीची एक बाई आहे. तिला स्वतःच्या गाईंशिवाय दुसरा विषय नाही. एकेका गाईचं नाव, रंग आणि स्वभाव आता मला पाठ आहे. तेव्हा तू येशील तेव्हा मी नुआमात नसेन, याचं मला फार वाईट वाटतं. पण तू ये. माझी मोठी नणंद न्हाक्शा तिथे आहे, ती बघेल तुला. तोंडाची फाटकी आहे, पण मनात काही नसतं.

तुझं पत्र आल्याचं ड्रायव्हरबरोबर कोम्त्साला कळवलं. ड्रायव्हर सांगतो, "बाऊ नावाची मुलगी येते आहे" हे ऐकलं मात्र, तो उठला आणि झुडपांत निघून गेला. मला ऐकून बरं वाटलं. माणूस अजून तसाच आहे.

राहिलं तुझ्या बापाचं. त्या वर्षी मी माझ्या आईकडे गेले होते. तेव्हा काय झालं ते फक्त कोम्त्साला ठाऊक आहे, आणि त्याने सव्वीस वर्षांत मला सांगितलेलं नाही. विचारलं की बाणाला लावायचं बोरू घेऊन तासत बसतो. मग मीही विचारायचं सोडलं. बाण ड्रायव्हरजवळ देऊ नकोस. स्वतः घेऊन ये.

कोबा


नुआमा,
१४ जून

कोबा,

मी इथे पोचून पाच दिवस झाले. हे पत्र तू वाचशील तोवर मी परतीच्या वाटेवर असेन.

सुरुवात फार छान झाली. गाडीतून उतरले तेव्हा न्हाक्शाबाईंनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ओरडल्या, "अगं बाई, विहीणबाई आल्या! आता बघा, प्रत्येक घासाला नावं ठेवतील!" सगळी वस्ती हसली. एक म्हातारा मला मुलगी म्हणाला, एक बाई सून म्हणाली, एका बाईने तर मला आजी म्हणून कडेवरचं बाळ माझ्या हातात कोंबलं. मी चहा केला, साखर वाटली. मांगेत्तीच्या झाडाची टणक फळं दगडाने फोडायला बसले तर माझी फजिती बघायला गर्दी जमली. तिकाय, तुमचा पुतण्या, म्हणाला, "हिच्या हातात दगड देऊ नका, बोटं फोडून घेईल आणि रात्री आपल्यालाच शिजवावी लागतील." मला वाटलं, बाबांनी हे सगळं सोडून गान्त्सीत काय मिळवलं?

संध्याकाळी कोम्त्साकाका आले. उंच नाहीत, पण चालताना पायाखालची काटकी मोडत नाही. ते विस्तवापाशी बसले. मी सगळ्यांसमोर कातडं उलगडलं, त्यांच्यापुढे वाळूवर बाण ठेवला आणि वाटेत शंभरदा घोकलेलं वाक्य म्हणाले, "काका, हा तुमचा बाण. माझ्या बाबांनी परत पाठवला आहे."

न्हाक्शाबाईंनी तोंडावर हात ठेवला. कोम्त्साकाकांनी बाणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. उठले आणि गेले. त्यांचं ते लंगडं कुत्रं, आळशी, तेवढं मागून गेलं.

तेव्हापासून ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. मी समोरून आले की वाट सोडून झुडपात शिरतात. मी विस्तवापाशी बसले की ते दुसऱ्या विस्तवापाशी जाऊन बसतात. कुणी मला काही सांगत नाही, विचारलं तर हसतात. बाण तिथेच वाळूत पडून राहिला होता, कुणी हात लावला नाही. सकाळी बघितलं तर नव्हता. जाळला असेल.

माझं उत्तर मला मिळालं, कोबा. इतका राग माणूस चोरावरच धरतो. शुक्रवारच्या गाडीने मी निघते. तुझ्या खोकल्याला आराम पडो.

बाऊ


इस्पितळ,
१७ जून

बाऊ, माझ्या वेड्या आई,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की खोकल्याची उबळ आली. नर्स धावली, हेरेरो बाई उठून बसली, आणि सगळ्यांना वाटलं मी आटोपले. हे पत्र दूध आणणाऱ्या गाडीबरोबर धाडते आहे. ते तुला शुक्रवारच्या आत मिळालंच पाहिजे.

अगं, तू माझी आई. आणि कोम्त्सा माझा नवरा. मग तू त्याची कोण?

सासू! जावई सासूच्या तोंडाकडे बघतो का? तिच्याशी बोलतो का? तिच्या विस्तवापाशी मांडी घालून बसतो का? माझी खरी आई जिवंत होती तेव्हा तो तीस वर्षं तिला बघून झुडपात शिरत होता. तिच्या नावाची मुलगी येते म्हणताच तो उठून गेला, तेव्हा मी इथे खूश झाले ती यासाठीच. पन्नाशीचा बाप्या, आसपासच्या सात वस्त्यांत नाव असलेला शिकारी, आणि तुझ्यासारख्या पोरीसमोर नव्या नवरीसारखा लाजतो आहे. त्याने तुला याहून मोठा मान कसा द्यायचा? आणि तू त्याला सगळ्यांसमोर "काका" म्हणालीस! न्हाक्शा कशी हसली नाही याचंच नवल वाटतं.

ही चूक माझी. तुला सांगायला हवं होतं. माझ्या मनातच आलं नाही, की हे न कळणारं माणूस जगात असेल.

पण दुसरी चूक तुझी आहे, आणि ती हसण्यासारखी नाही. ती वाचताना माझं हसू थांबलं. आपल्याकडे दिलेली वस्तू पुढे जाते. मी तुला मणी दिले तर तू ते आणखी कुणाला देशील, आणि वर्षा-दोन वर्षांनी तुझ्याकडून मला एखादी चामड्याची पिशवी येईल. लगेच नाही, आणि तीच वस्तू तर कधीच नाही. दिलेली वस्तूच परत आली तर तिचा एकच अर्थ होतो. संपलं आपलं. तू इतक्या लांबून आलीस आणि सगळ्या वस्तीदेखत जावयाला सांगितलंस, माझा बाप म्हणतो, संपलं आपलं. तो काय करणार होता? हातात घ्यायचा तर संपलं. नाही घ्यायचा तर तुझा अपमान. म्हणून उठून गेला बिचारा.

बाण त्याने जाळलेला नाही. मी त्याला ओळखते. शुक्रवारची गाडी सोड. आणि त्याला काही सांगायचं असेल तर पाठ करून बसायचं आणि कुत्र्याशी बोलायचं. आळशी त्यासाठीच पाळला आहे, शिकारीत त्याचा काडीचा उपयोग नाही.

तुझी लेक


नुआमा,
३० जून

कोबा, लेकी,

तुझं पत्र गुरुवारी संध्याकाळी मिळालं. पिशवी बांधून झाली होती, ती सोडली. शरमेने कान तापले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोम्त्साच्या झोपडीपासून वीस पावलांवर पाठ करून बसले आणि म्हटलं, "आळशी, मला इथलं काही कळत नाही. मी बाण परत केला तो संपवायला नाही. बाबा मेल्यावरसुद्धा आम्हाला तुमच्यातच मोजा, एवढंच सांगायला आले होते."

आळशीने जांभई दिली. मग पाठीमागून आवाज आला, "आळशी, त्या बाईला सांग, बोरू किडलं आहे. आधी नवं शोधायला हवं."

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. बाण त्यांच्या मांडीवर होता, सगळा सुटा केलेला. जुनं बोरू त्यांनी फेकून दिलं होतं. दोन दिवस बसून नवं बोरू घासलं, त्यावर तापल्या तारेने तीन काळे पट्टे उठवले, हाडाचा नवा सांधा घडवला, त्यावर ताज्या तातीचे वेढे दिले. जुनं राहिलं ते फक्त टोक. ते म्हणे कुंपणाचीच तार ठोकून केलेलं आहे. मग किड्यांचं विष, जे जनावराच्या अंगात दिवसभराने हळूहळू भिनतं, ते टोकामागच्या दांडीवर लावलं आणि बाण उन्हात ठेवला. पोरांना तिकडे फिरकू दिलं नाही. न्हाक्शाबाई माझ्या कानाशी आल्या. "बघितलंस, विहीणबाई? आता ही तीच वस्तू राहिली का? तुझ्या जावयाला अक्कल आहे थोडी. आमच्या घरातली आहे ती."

बुधवारी कोम्त्सा आणि तिकाय गेले. गुरुवारी ऊन उतरताना परत आले. कोम्त्सा न बोलता विस्तवापाशी बसले आणि पायातला काटा शोधू लागले. न्हाक्शाबाईंनी विचारलं, "काय दिसलं?"

"काही नाही. लांब काहीतरी हललं. वारा असेल."

मला फार वाईट वाटलं. आमच्या दुकानात एखाद्याला चांगला बैल मिळाला तर तो तीन दिवस सांगत सुटतो. पण बघते तर बायका उठून ओझी बांधायच्या वाद्या मऊ करायला लागल्या होत्या, आणि माझ्या हातात सुरी आणि दगड आला. "धार लाव," न्हाक्शाबाई म्हणाल्या. "वारा बराच मोठा दिसतो."

सकाळी आम्ही नऊ जण निघालो. कोम्त्सा पुढे, मग आळशी, मग बरंच अंतर सोडून मी. मला वाळूत वाळूच दिसत होती. ते मात्र चालता चालता वाचत होते. इथे कळपातून बाजूला झाला. इथे पाय ओढला. इथे बसला, उठला. काठीने दाखवायचे आणि पुढे. कोबा, मी वर्तमानपत्र याहून हळू वाचते. मग ते एकदम थांबले. माग पूर्वेकडे वळला होता.

सगळ्यांची पावलं भराभर पडायला लागली. तिकाय पुटपुटत होता, "कुंपणाकडे नको रे बाबा, कुंपणाकडे नको." जनावर तारेपलीकडे गेलं तर ते आपलं नाही. तोच बाण, तेच कुंपण. मी बाबांना मनातल्या मनात म्हटलं, या वेळी तरी आवरा त्याला.

डोक्यावर आलेल्या उन्हात आधी तारा चमकल्या. मग तो दिसला. कुंपणाच्या दोनशे पावलं अलीकडे, एका काटेरी झुडपाला टेकून झोपल्यासारखा. कोबा, तुला काय सांगू, तू हे जन्मभर बघितलंस. रोज चार बैल माझ्या हाताखालून जातात, मला मांसाचं काय अप्रूप असणार? पण ते हरीण बैलाहून मोठं होतं. कपाळावर दाट केसांचा झुबका, गळ्याची पोळी जमिनीवर पसरलेली, अंगावर धूळ नाही. आमच्या दुकानात जनावर येतं तेव्हा ते आधीच कुणाचं तरी असतं. हे कुणाचंच नव्हतं. ते आपल्या पायांनी इथवर आलं होतं, आणि ज्यांनी मारलं तेही त्याच्यापुढे हळू आवाजात बोलत होते. मला एकदम रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

कोम्त्सा इलँडपाशी थांबले नाहीत. कुंपणाशी गेले, तार धरून उभे राहिले आणि कुत्र्याशी बोलायला लागले. मी ऐकू येईल एवढ्या अंतरावर पाठ करून उभी राहिले. ते जे बोलले ते मी तुला जसंच्या तसं लिहिते, कारण तुलाही त्यांनी ते सांगितलेलं नाही.

"आळशी, त्या वर्षी पाऊसच नव्हता. गाओने बाण मारलेला इलँड इथूनच पलीकडे गेला. मागून गाओची पावलं तारेखालून गेली. चार दिवस तो आला नाही, म्हणून मी माग काढत आलो आणि मीही तारेखालून गेलो. पलीकडे सुकलेल्या विहिरीपाशी इलँडची हाडं पडली होती. चाटूनपुसून साफ. राखेभोवती बारकी पावलं. अकरा पोरं, चार बाया. पुरुष नाही. पावलं इतकी हलकी, की वाऱ्याने अर्धी पुसली होती. उपाशी माणसाचं पाऊल वाळूत नीट उमटत नाही, आळशी. आणि गाओ कुठे बसला होता? राखेपासून लांब, एका झाडाखाली. त्याच्या जागेभोवती मी हाताने वाळू चाळली. एक हाड नाही, हाडाचा तुकडा नाही. माझ्या बाणाचं मांस त्याने मला न विचारता वाटलं, म्हणून स्वतः घास घेतला नाही. मग त्याची पावलं तारेकडे परत आली. इथे, या खांबापाशी उभा राहिला. खूप वेळ. टाचा खोल रुतल्या होत्या. आणि मागे वळला."

मग म्हणाले, "माग एका दिवसाचाच होता. मी पळत गेलो असतो तर गाठला असता. मला वाटलं, लाजला आहे, येईल आपणहून. शिकारी माणूस मी, आणि माग अर्ध्यावर सोडला. त्या बाईला सांग, आळशी. चुकलं ते माझं."

मी फक्त त्या खांबापाशीच्या वाळूकडे बघत होते.

मग कोम्त्सा वळले आणि मोठ्याने ओरडले, "बाण कुणाचा?"

"बाण बाऊचा," ते म्हणाले, आणि झुडपाच्या सावलीत आमच्याकडे पाठ करून बसले.

बाकीची सातही माणसं माझ्याकडे बघत होती. मला कळायला वेळ लागला. मांस माझं होतं. वाटणी मी करायची होती.

सोलणं, सोडवणं मला येतं. माझा हात बघून तिकाय म्हणाला, "हिला दगड देऊ नका म्हणालो होतो, सुरी द्यायला हरकत नाही." अर्धा दिवस काम चाललं. मग मी आमच्या दुकानासारखे ढीग घातले. नऊ माणसं, नऊ ढीग, सगळे सारखे. डोळ्यांचा तराजू आहे माझा, बोटभर फरक होत नाही. मला वाटलं, सगळे खूश होतील.

न्हाक्शाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हे काय मांडलंस? इथे माणसं बसली आहेत की धोंडे? सगळ्यांना सारखं द्यायचं म्हणजे तू कुणालाच ओळखत नाहीस!" आणि त्यांनी पायाने ढीग मोडले.

मग त्यांनी मला एकेकाचं नाव घेत शिकवलं. बरोबर मारायला गेला त्याला हे. सुनेला हे. म्हाताऱ्या भावाला मऊ, कारण त्याला दात नाहीत. तान्हं पाजणारीला चरबी. प्रत्येक जण हात पुढे करताना सांगत होता तो माझा कोण. वस्तीवर परत आल्यावर आणखी एकोणीस जण होते. ज्यांना मिळालं ते लगेच पुढे देत होते, एक मांडी माझ्या डोळ्यांदेखत चार विस्तवांवरून फिरली. सकाळी निघताना मला पाच-सहा नावं येत होती. रात्री झोपायच्या आत मला सत्तावीस माणसं कळली, आणि त्या सत्तावीस जणांची मी कोण तेही कळलं. बाबा मला हे तोंडाने कधीच शिकवू शकले नसते.

पण सगळ्यांत आधी, तिथेच कुंपणापाशी, पहिला वाटा कोम्त्साचा काढला. न्हाक्शाबाईंना विचारावं लागलं नाही. हृदयाजवळची चरबी आणि काळजाचा तुकडा निखाऱ्यावर भाजला. त्यांच्या हातात मला देता येत नाही, म्हणून झुडपाच्या फांदीवर ठेवला आणि लांब जाऊन उभी राहिले. ते मागे न बघता आले, तो उचलला आणि उभ्याउभ्याच खाल्ला. सव्वीस वर्षांनी तो घास त्यांच्या तोंडी गेला, कोबा. त्यांचे खांदे हलत होते. मी दुसरीकडे बघितलं. सासूला तेवढं कळायला हवं.

इथे आता सगळ्यांची तोंडं चरबीने चकाकत आहेत. भांडी उतरतच नाहीत. बायका टाळ्या वाजवून गातात आणि मला मध्ये ओढतात. न्हाक्शाबाई सांगत सुटल्या आहेत की विहीणबाईंनी इतकं खाल्लं, की आता त्यांनाच उचलून गान्त्सीला न्यावं लागेल. तुझा वाटा सुकवून बांधला आहे, आतड्याभोवतीच्या चरबीसह.

तुझी आई,
बाऊ


गान्त्सी,
२५ जुलै

कोबा,

कामावर रुजू झाले. पहिल्या दिवशी काट्यावर मांस ठेवताना हात थबकला. समोरच्या बाईला विचारलं, "घरात तान्हं आहे का?" ती म्हणाली आहे. मी चरबीचा तुकडा वर घातला. मालक बघत होता.

एक गोष्ट मनाला खाते आहे. निघायच्या दिवशी गडबडीत मी बाणाचं विचारलंच नाही. तो जनावरातून काढून कोम्त्सांनी पुसला आणि आपल्या भात्यात घातला, एवढं मी पाहिलं. म्हणजे तो त्यांच्याकडेच परत गेला ना? मग तू म्हणतेस तसं, संपलं का आमचं? मी मागून घ्यायला हवा होता का? आळशीला विचारून कळव.

बाऊ


नुआमा,
२२ ऑगस्ट

आई,

मी घरी आले. डॉक्टरांनी माझी छाती ठोकून पाहिली आणि सोडलं. तुझं मांस इस्पितळातच मिळालं होतं. आठ खाटांवर वाटलं, नर्सलाही दिलं. हेरेरो बाईने डोळे मिटून खाल्लं आणि त्या दिवशी एकाही गाईचं नाव घेतलं नाही.

तू लिहिलेलं कुंपणापाशीचं बोलणं मी कोम्त्साला वाचून दाखवलं नाही. ते पत्र त्याच्यासमोर घडी घालून माझ्या पिशवीत ठेवलं. त्याने पाहिलं. त्या रात्री, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, त्याने माझ्याजवळ गाओचं नाव काढलं.

मग मी तुझ्या बाणाचं विचारलं. तो म्हणाला, "काय वेड्यासारखं विचारता मायलेकी? बाण तिचा आहे. ती शिकार करते का? नाही. मग तिचा बाण शिकाऱ्याच्या भात्यात नाही राहायचा तर काय पत्र्याच्या पेटीत राहायचा? तो एकदा पेटीत राहिला, तेवढं पुरे झालं." त्याच्या भात्यात पाच बाण असतात. दोन त्याचे, एक न्हाक्शाचा, एक तिकायचा, आणि तीन काळ्या पट्ट्यांचा तुझा. कोणता सोडायचा ते तोच ठरवतो. तू गेल्यापासून त्याने तुझा एकदाही सोडला नाही. मी विचारलं का, तर म्हणाला, घरधनीण आजारी असताना सासूला कशाला बोलवायचं?

काल सकाळी तो आणि तिकाय गेले. जाताना मी स्वतः भाता पाहिला, पाच होते. आत्ता परत आला आहे. विस्तवापाशी बसून पायातला काटा शोधतो आहे. न्हाक्शाने विचारलं, काय दिसलं? म्हणाला, काही नाही, वारा असेल. मी पाणी द्यायच्या निमित्ताने उठले आणि भात्यात डोकावले. चारच बाण आहेत. तीन पट्ट्यांचा त्यात नाही.

उद्या पहाटे आम्ही मागावर निघतो. मांस सोडवू, सुकवू, फांद्यांवर टांगून ठेवू. चाखू, पण वाटणार नाही. बाणाची मालकीण जिवंत असताना दुसऱ्या कुणी वाटणी करायची आपल्याकडे रीत नाही. गाडी सकाळी जाईल, तिच्याबरोबर हे पत्र देते.

आई, सुरी घे आणि नीघ.

कोबा